दगडी छताखालचा एक तास

आपल्यापैकी जे साठी ओलांडून पुढे आले आहेत, त्यांच्या कानांत एक धून अजून घर करून असेल. पुरते उजाडलेले नसे, स्वयंपाकघरात पाणी तापत असे, आणि रेडिओच्या खरखरीतून तंबोऱ्याचा स्वर उमटून त्यावर व्हायोलिनची ती परिचित सुरावट अलगद येई. आकाशवाणीचे केंद्र सुरू होत असल्याची ती खूण. ही धून वॉल्टर कॉफमन या संगीतकारांनी १९३६च्या सुमारास रचली, असे मानले जाते. कॉफमन हे मध्य युरोपातील ज्यू. नाझी राजवटीची छाया पसरू लागली तेव्हा, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले आणि पुढे रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. मुंबईत येताच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. झुबीन मेहता यांचे वडील मेहली मेहता त्या मंडळींत व्हायोलिन वाजवीत.

चेंबर म्हणजे खोली. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत वाजवायचे, खोलीभर माणसांनी ऐकायचे संगीत. पाश्चात्य संगीत म्हटले की शंभर वादकांचा ताफा आणि हाती काडी घेतलेला संचालक डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या परंपरेचा हा दुसरा, घरगुती प्रवाह आहे. तीन, चार, फार तर आठ वादक, संचालक नाही, ध्वनिवर्धक बहुधा नाही. असे कार्यक्रम आजही जगभर, आणि आपल्या शेजारी गोव्यातही, जुन्या चॅपेलमध्ये, वाड्यांच्या दिवाणखान्यांत, संग्रहालयांत होत असतात.

आरोग्याच्या पाक्षिकात एका साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उत्तर असे, की गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांच्या दुखण्यांमध्ये एक दुखणे मी वारंवार पाहतो, ज्याला औषधाच्या चिठ्ठीत जागा नसते. ते म्हणजे घराबाहेर पडणे थांबणे. आणि एक वृद्ध घरात थांबला की त्याला सांभाळणारेही माणूस थांबते. ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग मला या खोलीच्या संगीतात सापडला; पण तो आधी चुकून, मग शिकून.

बैठकीचेच भावंड

आपल्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. गिरगावातील लक्ष्मीबागेच्या बैठका ज्यांनी ऐकल्या असतील, किंवा एखाद्या वाड्याच्या माजघराशेजारी गालिच्यावर बसून गाणे ऐकले असेल, त्यांना ठाऊक आहे की गायकाने घेतलेला श्वास ऐकू येणे हाच बैठकीचा आनंद. चेंबर संगीताचाही तोच. दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि खर्जाकडे झुकणारा व्हायोला, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचा चेलो, अशी चार वाद्ये मिळून ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ होते. चौघे अर्धवर्तुळात बसतात, एकमेकांकडे पाहतात, पहिला व्हायोलिनवादक किंचित मान हलवून श्वास घेतो आणि चौघांचे गज एकाच क्षणी तारांवर उतरतात.

या प्रकाराला घाट दिला तो प्रामुख्याने योझेफ हायडन (१७३२–१८०९) यांनी. १७६१ पासून ते एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या चाकरीत होते. ऑस्ट्रियातील आयझेनश्टाट येथे त्या घराण्याच्या राजवाड्यात जे दालन आहे, त्याला आज हायडन यांचेच नाव आहे, आणि तेथे अजून मैफली होतात. या दालनातील दगडी फरशीवर हायडन यांनी लाकडी जमीन घालून घेतली, असे सांगितले जाते. ती आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक शहाणपण आहे. त्याकडे पुढे येऊ.

एक बारकावा प्रथमच जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. क्वार्टेटचे साधारण चार भाग असतात. एक भाग संपला की शांतता पसरते. तेथे टाळ्या वाजवायच्या नसतात, चौथा भाग संपल्यावर वाजवायच्या. संपूर्ण रचना बहुधा अर्ध्या तासाच्या आतबाहेर असते. वृद्धांच्या दृष्टीने हा काळ सोयीचा आहे. रात्रभर चालणाऱ्या मैफलीला बसण्याची ताकद ज्यांच्यात उरलेली नाही, ते अर्धा तास बसू शकतात.

आमची फसलेली संध्याकाळ

माझा दवाखाना दक्षिण कोकणात, गोव्याच्या वेशीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. माझे वडील निवृत्त शिक्षक. त्यांना पार्किन्सन्सचा आजार जडून चार वर्षे झाली होती. सकाळच्या रेडिओवर त्यांची भारी भक्ती. म्हणून गोव्यातील एका टेकडीवरच्या जुन्या चॅपेलमध्ये व्हायोलिन आणि चेलोचा कार्यक्रम आहे असे कळताच मी आई-बाबांना गाडीत घालून निघालो. निघण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब तपासला, नाडी पाहिली, आणि डॉक्टर म्हणून आपले काम झाले असे समजलो.

मी विचारले नव्हते ते असे. गाडी दारापर्यंत जात नव्हती. पुढे पायऱ्या होत्या आणि त्यांना कठडा नव्हता. बसायला पाठ नसलेली लाकडी बाके होती. आम्हांला पोचायला उशीर झाल्याने जागा मिळाली ती अगदी मागे, खांबाआड. तेथे व्हायोलिनचे स्वर एकमेकांत मिसळून केवळ घुमारा ऐकू येत होता. बाबांचे श्रवणयंत्र मध्येच शिट्टी वाजवू लागले, पुढच्या रांगेतील दोघांनी मागे वळून पाहिले, आणि बाबांनी ते कानातून काढून खिशात टाकले. त्यांची संध्याकाळच्या गोळीची वेळ प्रवासातच टळली होती. दुसरी रचना सुरू असताना त्यांना लघवीला जायचे होते. स्वच्छतागृह आवाराच्या पलीकडच्या टोकाला. उंबऱ्याशी येताच त्यांचे पाय जमिनीला चिकटले. पार्किन्सन्समध्ये असे होते. मन पुढे जाते, पाऊल उचलत नाही. आम्ही वेळेवर पोचलो नाही.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, “यापुढे मला कुठे नेऊ नकोस.” त्यानंतर आठ महिने ते दवाखान्याखेरीज कोठेही गेले नाहीत. आणि अर्थातच आईही गेली नाही. त्या संध्याकाळचा दोष संगीताचा नव्हता, त्या वास्तूचा नव्हता, बाबांचा तर नव्हताच. तो पूर्वतयारी न करणाऱ्या माझा होता.

लंडनमधील एक वाजताची मैफल

त्या आठ महिन्यांत मी एका जुन्या घटनेविषयी वाचले आणि माझा विचार बदलला. १९३९च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बाँबहल्ल्यांच्या भीतीने लंडनमधील नाट्यगृहे आणि संगीतसभागृहे बंद करण्यात आली. ट्रॅफल्गर चौकातील नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलवली गेली. भिंती रिकाम्या झाल्या. तेव्हा मायरा हेस या पियानोवादिकेने तेथे मैफली करण्याची कल्पना मांडली, आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांनी ती उचलून धरली. क्लार्क यांचा आग्रह असा, की एखादी मैफल नको, रोज करा.

१० ऑक्टोबर १९३९ रोजी दुपारी एक वाजता पहिली मैफल झाली. स्वतः हेस यांनीच पियानो वाजवला. थोडेफार स्नेही येतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे हजार माणसे आली. तिकीट एक शिलिंग. कचेरीतील कारकून, गणवेशातील सैनिक, परिचारिका, वृद्ध माणसे. खुर्च्या अपुऱ्या पडल्या तेव्हा लोक जमिनीवर बसले. गॅलरीत स्वयंसेविका सँडविचेस करून विकत, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत आलेल्या माणसाचे पोटही रिकामे राहात नसे. सोमवार ते शुक्रवार, दर दिवशी, साडेसहा वर्षे हा क्रम चालला. १० एप्रिल १९४६ रोजी तो थांबला तोवर १,६९८ मैफली झाल्या होत्या आणि आठ लाखांहून अधिक श्रोते येऊन गेले होते. हेस यांनी स्वतः दीडशेच्या आसपास मैफलींत वादन केले आणि मोबदला घेतला नाही. युद्ध जर्मनीशी होते, तरी बाख, बेथोवेन, ब्राम्स हे जर्मन संगीतकार तेथे रोज वाजवले जात, हेही नमूद करण्याजोगे आहे.

बाँबवर्षाव सुरू झाल्यावर मैफली तळघरातील आसऱ्याच्या जागेत हलवल्या गेल्या. १९४०च्या ऑक्टोबरात गॅलरीवर पडलेला एक बाँब लगेच फुटला नाही. त्या काळात मैफल इमारतीच्या दूरच्या भागात नेण्यात आली. बेथोवेनचे एक क्वार्टेट चालू असताना तो फुटला. वादकांनी वादन थांबवले नाही.

ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातील व्यवस्था महत्त्वाची वाटली. माणसांना ज्या वेळी येता येईल ती वेळ धरली गेली. रात्रीचा अंधार टाळला गेला. कार्यक्रम तासाभराचा ठेवला. खर्च बेताचा ठेवला. खाण्याची सोय केली. धोका वाढला तेव्हा मैफल बंद न करता जागा बदलली. वृद्ध माणसाला बाहेर नेण्यासाठी ज्या गोष्टींचा विचार करावा लागतो, त्या जवळजवळ साऱ्या येथे आल्या. परिस्थिती कठीण आहे म्हणून जाणे सोडायचे, की परिस्थितीला मैफल बसेल अशी रचना करायची, हा प्रश्न मी स्वतःला विचारला.

दगड, लाकूड आणि थकलेले कान

जुन्या वास्तूंमध्ये संगीत निराळे का वाटते, हे समजून घेतले तर जागा निवडणे सोपे जाते. वाद्याचा स्वर आपल्याकडे दोन वाटांनी येतो: एक थेट, आणि दुसरा भिंती, छत, जमीन यांवर आपटून, किंचित उशिरा. दगड आणि गुळगुळीत गिलावा ध्वनी फारसा शोषत नाहीत. म्हणून उंच दगडी छताच्या मोठ्या चर्चमध्ये एक स्वर थांबल्यावरही काही सेकंद घुमत राहतो. संथ समूहगायनाला हा घुमारा शोभतो. चार वाद्यांच्या द्रुत संवादाला तो मारक ठरतो. लाकडी जमीन, पडदे, पुस्तकांची कपाटे आणि बसलेली माणसे ध्वनी शोषून घेतात, आणि स्वर स्वच्छ राहतात. हायडन यांच्या लाकडी जमिनीच्या कथेतील शहाणपण ते हेच.

आता यात वृद्धांचे कान मिळवा. वयानुसार ऐकू कमी येऊ लागते तेव्हा प्रथम उंच पट्टीतील ध्वनी क्षीण होतात. व्हायोलिनची धार, शब्दांतील स, श, फ ही व्यंजने निसटतात आणि खर्ज मात्र राहतो. घुमाऱ्यात बसले की उरलेसुरले तपशीलही पुसले जातात. उपाय साधा आहे: थेट स्वर अधिक मिळेल असे बसावे. पहिल्या तीन-चार रांगांत, खांबाआड नाही, सज्जाखाली नाही. म्हातारपणी पुढे बसण्यात संकोच बाळगू नये.

श्रवणयंत्राविषयी थोडे अधिक. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे यासाठी जुळवलेली असतात. गोंगाट दाबण्याची त्यांची व्यवस्था संगीतालाही गोंगाट समजू शकते. आणि शिट्टी रोखण्याची व्यवस्था व्हायोलिनच्या लांबलेल्या स्वरालाच शिट्टी समजून तो थरथरता करू शकते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घेता येते. श्रवणतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे लागते, कारण ते आपणहून विचारतीलच असे नाही. साचा कानात सैल झाला असेल किंवा कानात मळ असेल तर शिट्टी वाजते. तेही आधी पाहून घ्यावे. बाबांच्या बाबतीत कारण कानातील मळ हेच निघाले. पाच मिनिटांचे काम होते.

निघण्यापूर्वी एक फोन

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आयोजकांना फोन करा आणि पुढील गोष्टी विचारा. गाडी दारापासून किती अंतरावर थांबते? पायऱ्या किती, आणि त्यांना कठडा आहे का? बाजूचे एखादे सपाट दार उघडता येईल का? खुर्चीला पाठ आणि हात आहेत का? स्वच्छतागृह किती दूर, आणि तेथे कमोड आहे का? कार्यक्रम किती वेळाचा, मध्यंतर आहे का? कडेची खुर्ची राखून ठेवाल का? जुन्या वास्तू सुंदर असतात, पण त्या आपल्या गुडघ्यांचा विचार करून बांधलेल्या नसतात. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी तर हे अवश्य विचारावे. पॅरिसमधील सँत-शापेल ही १२४८ मध्ये पवित्र केलेली वास्तू तेथील मैफलींसाठी प्रसिद्ध आहे; रंगीत काचांचे ते वरचे दालन अपूर्व असले, तरी तेथे नेणारा जिना अरुंद आणि चक्राकार आहे. गोव्यातही, जुन्या गोव्याच्या टेकडीवरील अवर लेडी ऑफ द माउंट या चॅपेलमध्ये अनेक वर्षे ‘मोंते’ संगीतोत्सव भरत आला आहे, आणि तेथे पाश्चात्य व भारतीय अशी दोन्ही शास्त्रीय संगीते ऐकायला मिळाली आहेत. तेथून मांडवीचे पात्र दिसते. परंतु टेकडी म्हटली की चढ आला. तो विचारात घेऊनच निघावे.

औषधांच्या वेळा मैफलीसाठी मोडू नका. मैफल औषधांच्या वेळेत बसवा. पार्किन्सन्सच्या रुग्णांना गोळी घेतल्यानंतर हालचाल सुकर होण्याचा एक काळ असतो. कार्यक्रम त्या काळात येतो का ते पाहा. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल आणि कार्यक्रमही सकाळचा असेल, तर वेळ बदलता येईल का हे आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतः होऊन टाळू नका. स्वच्छतागृहाच्या धास्तीने दिवसभर पाणी न पिणे ही चूक मी फार पाहतो. त्याने चक्कर येते, आणि दगडी फरशीवर पडणे महागात पडते. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ सांभाळावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

दगडी वास्तू संध्याकाळी गार होते. शाल आणि मोजे न्यावे. जुन्या, बंद असलेल्या दालनांत ओल आणि धूळ असू शकते. दमेकऱ्यांनी फवारा जवळ ठेवावा. खोकल्याची उबळ आली तर जिभेवर खडीसाखर ठेवता येते, पण मधुमेह असलेल्यांनी किंवा ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी तसे करू नये. त्यांनी पाण्याचा घोट घ्यावा, आणि तोही ठसका लावत असेल तर शांतपणे बाहेर यावे. तासभर बसल्यावर एकदम उठू नका. आधी खुर्चीच्या कडेवर या, घोट्यांपासून पावले दहा वेळा वर-खाली करा, आधार धरून उभे राहा, मिनिटभर थांबा, मग पाऊल टाका.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नेताना सकाळची किंवा दुपारची वेळ निवडा. दिवस मावळताना त्यांतील अनेकांची घालमेल वाढते. दाराजवळची कडेची जागा घ्या. संपूर्ण कार्यक्रम ऐकलाच पाहिजे, हा अट्टाहास धरू नका. एक भाग ऐकून परत आलात तरी जाणे सफल झाले, असे समजा. आणि छातीत दुखत असेल, दम वाढला असेल, ताप असेल किंवा नुकतेच पडणे झाले असेल, तर प्रथम डॉक्टर, मैफल नंतर.

संगीताकडून अपेक्षा किती ठेवावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलांच्या सहवासाचा आरोग्याच्या अनेक अंगांना उपयोग होऊ शकतो, असे त्यात मांडले आहे. पार्किन्सन्समध्ये ठेक्याच्या साहाय्याने पावले टाकण्याचा सराव काहींना उपयोगी पडतो, आणि स्मृतिभ्रंशातही ओळखीचे संगीत बराच काळ ओळखता येते, हे आम्ही डॉक्टर पाहतो. परंतु संगीताने हे आजार बरे होत नाहीत. तसे सांगून कोणी ध्वनिफिती विकत असेल तर पैसे देऊ नका.

माझ्या मते मैफलीचा लाभ निराळ्या ठिकाणी आहे. घरात रुग्ण आणि सांभाळणारा नेहमी समोरासमोर असतात: एक घास भरवतो, दुसरा घेतो, एक उचलतो, दुसरा उचलला जातो. मैफलीत दोघे शेजारी बसतात आणि एकाच दिशेला पाहतात. त्या तासापुरते दोघेही श्रोते असतात. म्हणून जाताना शक्य तर तिसरे माणूस सोबत न्या आणि रुग्णाशेजारची जबाबदारी त्याच्यावर सोपवा. रोज सांभाळणारे माणूस त्या दिवशी दोन खुर्च्या पलीकडे बसू द्या.

दुसरी खेप

आठ महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी गोव्यातीलच एका जुन्या घराच्या मोठ्या दिवाणखान्यात, ज्याला तेथे ‘साला’ म्हणतात. दुपारचे चार. लाकडी जमीन, शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणारा मवाळ उजेड, चाळीसेक माणसे. मी आधी फोन केला होता. पुढच्या दाराला सात पायऱ्या होत्या, बाजूच्या दाराला दोन; यजमानांनी ते दार आनंदाने उघडले. बाबांनी तीनला गोळी घेतली होती. दुसऱ्या रांगेत कडेला बाबा, त्यांच्या शेजारी माझी पत्नी, मग मी, आणि पलीकडे आई.

बाबा येण्यास सहज तयार झाले नव्हते. “पुन्हा तसे झाले तर?” असे त्यांनी तीनदा विचारले. मी म्हटले, “झाले तर आपण घरी येऊ. बदलायचे कपडे गाडीत आहेत.” हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. भीती नाकारण्यापेक्षा तिची तजवीज केलेली आहे, हे सांगणे अधिक उपयोगी पडते, हे मी त्या दिवशी शिकलो.

हायडन यांचे एक क्वार्टेट वाजले. संथ भाग सुरू झाला तेव्हा मी बाबांकडे पाहिले. हाताचा कंप थांबला नव्हता. तो थांबणारही नव्हता. ते चेलोवादकाच्या डाव्या हाताकडे एकटक पाहात होते, शाळेत एखादा हुशार मुलगा फळ्यावर गणित सोडवीत असता पाहावे तसे. मध्यंतरात त्यांनी मला विचारले, “हा मोठा सारंगीसारखा आवाज कोणाचा?” आठ महिन्यांत त्यांनी औषध आणि जेवण यांपलीकडचा विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

घरी परतल्यावर त्यांना झोपवून आई ओट्यावर येऊन बसली. कार्यक्रम कसा झाला, असे मी विचारले. ती म्हणाली, “गाणे मला फारसे कळले नाही रे. पण आज तासभर मला कुणी हाक मारली नाही.” चार वर्षे मी बाबांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवीत होतो. तिच्या झोपेचा, तिच्या पाठदुखीचा, तिच्या एकटेपणाचा हिशेब मी ठेवला नव्हता. डॉक्टर म्हणून मला त्या वाक्याची आजही लाज वाटते, आणि म्हणूनच ते येथे लिहीत आहे.

त्यानंतर बाबा आणखी चार वेळा आले. एकदा पहिल्या भागानंतरच परतावे लागले. कोणी त्याचे दुःख मानले नाही. त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली.

जाणे शक्यच नसेल तर

ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांच्यासाठी घरातील खोली हीच मैफलीची खोली करता येते. या संगीताचा जन्मच मुळी खोलीत झाला आहे. वेळ ठरवा, दुपारची चारची म्हणा. दूरचित्रवाणी बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पलंगाचे डोके उंच करा. एकच रचना लावा, वीस मिनिटांची. मग ती हायडनची असो, मल्लिकार्जुन मन्सूर यांची असो वा जुन्या नाट्यपदाची. महत्त्वाचे हे, की ती लावून सांभाळणाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊ नये. पलंगाशेजारी खुर्ची घेऊन तेवढा वेळ बसावे आणि काहीही करू नये. शेजारपाजारी कोणी मूल व्हायोलिन किंवा बासरी शिकत असेल तर त्याला महिन्यातून एकदा बोलवावे. चुकत वाजवले तरी चालेल.

माझी आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. कार्यक्रमाची जाहिरात दिसली की ती आता स्वतःच फोन लावते. कोण वाजवणार, काय वाजवणार, हे ती नंतर विचारते. तिचा पहिला प्रश्न असतो, “पायऱ्या किती आहेत हो?” आपणही या पंधरवड्यात एखादा असा फोन लावावा, आणि मैफलीस जाताना घरात जे माणूस रोज इतरांच्या हाकेला ओ देत असते, त्याच्यासाठी दोन खुर्च्या पलीकडची जागा राखून ठेवावी, एवढीच विनंती.